क्लोझापिन: आधी रक्ताचा रिपोर्ट, मग गोळी

स्किझोफ्रेनियावरची दोन औषधे पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही गुण येत नसेल, तर डॉक्टर क्लोझापिनचा विषय काढतात. त्याच दमात सांगतात, दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करावी लागेल. घरचे लोक बहुधा इथेच बिचकतात. या तपासणीला 50 वर्षांचा इतिहास आहे आणि 2025 मध्ये अमेरिकेने त्यातला सर्वांत वादग्रस्त भाग काढून टाकला.

औषध युरोपातले. 1950च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले, 1970च्या दशकाच्या सुरुवातीला काही देशांत विक्रीला आले. हातपाय ताठ न करता, कंप न आणता ते काम करत होते, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे जवळजवळ अशक्य होते. 1975 मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा झाल्या आणि 8 रुग्ण जंतुसंसर्गाने दगावले. बऱ्याच देशांत औषध बंद झाले, काही ठिकाणी ठरावीक रुग्णांपुरते चालू राहिले.

ते परत आणले 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने. आधीच्या औषधांना अजिबात दाद न दिलेल्या 268 रुग्णांत सहा आठवड्यांत क्लोझापिनने सुमारे 30 टक्के लोक सुधारले, जुन्या औषधाने 4 टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण रक्त तपासल्याखेरीज गोळ्या द्यायच्या नाहीत या अटीवर.

खरा वाद इथून सुरू झाला. कंपनीने गोळी आणि तपासणी एकत्रच विकायला काढली. रक्त घ्यायला माणूस घरी येणार, नमुना ठरलेल्याच प्रयोगशाळेत जाणार, रिपोर्ट ठीक असेल तर सात दिवसांच्या गोळ्या मिळणार. या सगळ्याचा खर्च वर्षाला जवळपास 9,000 डॉलर. ज्यांना औषधाची सर्वांत जास्त गरज होती ते सरकारी मनोरुग्णालयांत होते, आणि तिथे एवढा पैसा नव्हता. अनेक राज्ये कोर्टात गेली, कंपनीला ही जोडगोळी सोडावी लागली. तपासणीची सक्ती मात्र राहिली, आणि तीही सुरुवातीला कायमची दर आठवड्याला. 1998 मध्ये सहा महिन्यांनंतर पंधरवड्याने तपासण्याची मुभा मिळाली, 2005 मध्ये वर्षानंतर महिन्यातून एकदा.

सक्ती निराधार नव्हती. पेशी धोकादायक पातळीखाली जाण्याचे प्रमाण पहिल्या वर्षात शंभरात एकाहून थोडे कमी आहे, आणि त्यातली बहुतेक प्रकरणे पहिल्या 18 आठवड्यांत घडतात. वेळीच कळले आणि गोळी थांबवली, तर रुग्ण सहसा वाचतो. प्रश्न पुढच्या वर्षांचा होता. पाच वर्षे नीट औषध घेणाऱ्या माणसाचा एक रिपोर्ट उशिरा आला म्हणून त्याच्या गोळ्या अडवायच्या का? क्लोझापिन अचानक तुटले की आजार उसळून येतो, आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा अगदी थोड्या डोसपासून चढत जावे लागते.

रिपोर्टमध्ये बघायचे काय, हेही बदलत गेले. आधी एकूण पांढऱ्या पेशी मोजत. आता न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, आकडा धरतात. एकूण पेशी 5,200 आणि न्यूट्रोफिल 60 टक्के असतील तर तो आकडा 3,120 होतो. गुणाकार घरीही करता येतो. अमेरिकेत पूर्वी तो 1,500 खाली आला की औषध थांबवावे लागे, 2015 मध्ये ही मर्यादा 1,000 वर आणली. आफ्रिकी आणि काही पश्चिम आशियाई वंशांच्या लोकांत हा आकडा मुळातच कमी असतो, तरी ते निरोगी असतात. अशांसाठी वेगळी पातळी ठरायला 2015 उजाडले. तोवर कितीतरी जणांना या आकड्यापायी औषध नाकारले गेले.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान वेगळेच झाले. सगळ्यांचे लक्ष रक्ताकडे लागले आणि पोटाकडे कोणी पाहिले नाही. क्लोझापिनने आतड्याची हालचाल मंदावते. साधी बद्धकोष्ठता वाढत जाऊन आतडे अडते, फुटते, माणूस दगावतो. अमेरिकी नियामकांनी याबद्दलचा इशारा कडक केला तो थेट जानेवारी 2020 मध्ये. रुग्ण पोटाची तक्रार स्वतःहून सांगेलच असे नाही, म्हणून 'पोट साफ होते का' हे दर भेटीला विचारावे लागते. नुसत्या इसबगोलावर भागत नाही. मंदावलेल्या आतड्यात ते फुगून अडचण वाढवू शकते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ताप, धाप किंवा छातीत दुखणे हे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. शिवाय विडी-सिगारेट एकदम सोडली तर औषधाची रक्तातली पातळी चढते, हे वॉर्डात भरती करतानाही लक्षात राहत नाही.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट नोंदवण्याची अमेरिकेची नवी यंत्रणा सुरू होताच कोलमडली. औषध दुकाने आणि डॉक्टर फोनवर ताटकळले, शेवटी नियामकांनाच काही अटी तात्पुरत्या ढिल्या कराव्या लागल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये ही नोंदणी गरजेची नसल्याचे जाहीर झाले आणि जूनमध्ये ती अधिकृतपणे रद्द झाली. तपासणी करण्याची शिफारस औषधाच्या माहितीपत्रकात कायम आहे. फक्त रिपोर्ट नोंदवल्याशिवाय दुकानदाराने गोळ्या द्यायच्या नाहीत, ही सक्ती गेली.

आपल्याकडे अशी नोंदणी नव्हतीच. इथे 1990च्या दशकात स्वस्त गोळ्या आल्या, आणि सुरुवातीला 18 आठवडे दर आठवड्याला, मग दरमहा तपासणी हा रिवाज डॉक्टर आणि घरचे यांच्या भरवशावर चालत आला. अमेरिकेतली बातमी वाचून 'आता रक्त तपासायला नको' असा अर्थ कोणी काढत असेल, तर तो चूक आहे. पहिल्या 18 आठवड्यांचा धोका तेवढाच आहे.