डाळिंबाची साल, दहा गुंठ्यांचा कोळसा आणि कार्बन डायऑक्साइड

बेळगावात अजून काही घरांत अंघोळीचं पाणी बंबावर तापतं. गेल्या हिवाळ्यात डाळिंबाच्या वाळलेल्या साली मी पत्र्याच्या डब्यात भरल्या, झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि डबा बंबाच्या निखाऱ्यात सारला. भोकातून आधी पांढरा धूर आला, मग त्या धुराने पेट घेतला. ज्योत विझल्यावर डबा काढून गार केला. आत साल आकाराने तशीच, पण काळी, हलकी, दाबली की करकर फुटणारी. कोळसा पाडणारे लोणारी भट्टीवर माती लिंपून हवा अडवायचे, तेच काम इथे झाकणाने केलं.

फळांच्या सालीच्या कोळशाने कार्बन डायऑक्साइड पकडायचा, हा प्रयत्न अलीकडचा. पण कोळसा वायू धरून ठेवतो, हे रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी 1773 मध्येच दाखवलं होतं. 1785 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लोविट्स यांना कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे आढळलं आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडमध्ये साखर कोळशाने स्वच्छ होऊ लागली. उसावर जगणाऱ्या आपल्या सीमाभागाने हा धागा लक्षात ठेवावा असा आहे. आपल्या गुऱ्हाळात भेंडीचा चीक घालून मळी वर आणतात. तिथे मळी चिकात अडकते, कोळशावर मात्र रंग चिकटून बसतो.

या चिकटण्यालाच अधिशोषण म्हणतात. हा शब्द 1881 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कायझर यांनी रूढ केला. भाकरी आमटी पिते ते शोषण. अधिशोषणात वायूचे रेणू आतल्या भिंतींवर थर धरतात. म्हणून सगळी मदार भिंतींच्या क्षेत्रफळावर. चांगल्या सक्रिय, म्हणजे मुद्दाम छिद्रं पाडलेल्या, कोळशाच्या एका ग्रॅमची आतली भिंत उलगडली तर 1000 चौरस मीटरच्या वर भरते, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे!

नुसत्या जाळलेल्या कोळशात एवढी जागा नसते, ती कोरावी लागते. 1900 च्या सुमारास ऑस्ट्रेयको यांनी वाफेने आणि रसायनांनी छिद्रं पाडण्याची पेटंटं घेतली. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर विषारी क्लोरीन सोडला गेला आणि वायूपासून बचावाच्या मुखवट्यांसाठी कोळशाची निकड आली. 1918 मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या बिया आणि कठीण कवचाच्या फळांची टरफलं गोळा केली गेली. माझ्या मते फळाच्या टाकाऊ भागाला विज्ञानात खरी किंमत इथे आली, आणि तीही युद्धाने, याचं वाईट वाटतं.

कार्बन डायऑक्साइडची चिंता नंतरची. 1958 मध्ये शास्त्रज्ञ कीलिंग यांनी हवाई बेटावर मोजणी सुरू केली तेव्हा हवेत तो दशलक्षात सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या पुढे गेला आहे. तो पकडण्यासाठी अमाइनचं (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय रसायनाचं) द्रावण 1930 पासून माहीत आहे, पण त्यातून वायू पुन्हा मोकळा करायला फार उष्णता जाते. कोळशाची पकड सैल असते. दाब कमी केला किंवा थोडं तापवलं तरी वायू सुटतो आणि तोच कोळसा पुन्हा वापरता येतो.

मात्र छिद्रं नेमकी हवीत, नॅनोमीटरपेक्षा (मीटरच्या अब्जाव्या भागापेक्षा) लहान. 2017 मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी डाळिंबाची साल, गाजराची साल आणि नेच्याची पानं पोटॅशियम हायड्रॉक्साइड या तीव्र अल्कलीने सक्रिय केली. डाळिंबाच्या कोळशाने 25 अंशांवर ग्रॅममागे चारेक मिलिमोल वायू धरला, म्हणजे आपल्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के.

आता ढोबळ हिशेब करू. एक किलो ओली साल वाळून तीनशे ग्रॅम, जळून शंभर, सक्रिय होऊन पन्नास ग्रॅम धरा. ती एका खेपेला जेमतेम नऊ ग्रॅम वायू धरते. एक माणूस दिवसभराच्या श्वासातून साधारण किलोभर सोडतो. त्यामुळे खरा प्रश्न साल किती मिळते हा नसून तो कोळसा हजारो खेपा टिकतो का, हा आहे. शिवाय कारखान्याच्या धुराड्यातली हवा ओली आणि गरम असते. वाफ त्याच छिद्रांत घुसून जागा अडवते. प्रयोगशाळेतले आकडे बहुतेक कोरड्या, शुद्ध वायूचे असतात, ते वाचताना हे ध्यानात ठेवलंच पाहिजे.

रविवार पेठेतल्या रसवाल्यांकडे साली ओल्या, मिसळलेल्या आणि थोड्या थोड्या साठतात. खानापूरकडच्या काजूची टरफलं मात्र एका जागी, कोरडी आणि ढिगाने मिळतात. मला तीच आधी तपासावीशी वाटतात. फक्त त्यांचं तेल हात भाजतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडसह 700 अंशांपर्यंत, हवा वगळून तापवणं हे बंबाचं काम नव्हे, तिथे प्रयोगशाळेची भट्टीच हवी.