बंदुकीच्या अवतारातले कॅमेरे

बेळगावात फौजी वस्तूंच्या हौशी माणसांना तोटा नाही. १८३२ पासूनची छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, सांबऱ्याला दुसऱ्या महायुद्धात झालेला विमानतळ. शिवाय खानापूर-निपाणीकडची किती घरं पिढ्यान् पिढ्या फौजेतली. पदकं, दुर्बिणी, ट्रंका जपलेल्या दिसतात. गन कॅमेऱ्याचं, म्हणजे गोळी झाडण्याऐवजी फोटो काढणाऱ्या यंत्राचं, नाव निघालं की मात्र जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीनही कान टवकारतात.

हे यंत्र जन्मलं एका अडचणीतून. पहिल्या महायुद्धात विमानातून मशीनगन चालवायला शिकवायचं, पण सरावासाठी आपल्याच विमानावर गोळ्या कशा झाडणार? इंग्लंडात केंटमधल्या हाइथ इथं नेमबाजीची लष्करी शाळा होती. तिचंच नाव घेऊन ऑल्ट्रिंगमच्या थॉर्नटन-पिकार्ड कंपनीचा ‘हाइथ मार्क ३’ आला. घडण त्या काळच्या लुईस मशीनगनसारखी, विमानात बसायचाही तिच्याच जागी. पोटात १२० नंबरचा फिल्म रोल. खटका मागे ओढला की फिल्म पुढे सरके, ट्रिगर ओढला की एक फोटो. खरी मेख आतल्या काचेत होती. तिच्यावरची नेमाची वर्तुळं प्रत्येक फोटोवर उमटत. फिल्म धुऊन समोर ठेवली की ‘लागलंच होतं, साहेब’ म्हणायला जागाच उरत नसे. (कल्पनेचा मूळ पुरुष मात्र फौजी नव्हे: फ्रान्सच्या मारे या शास्त्रज्ञाने १८८२ मध्येच उडते पक्षी टिपायला फोटोची बंदूक केली होती.)

पुढे जपानने ३५ मिमी फिल्मवर चालणारा ‘टाइप ८९’ काढला. ब्रिटिशांचा विल्यमसन जी-४५ तर थेट स्पिटफायर, हरिकेन या लढाऊ विमानांमध्ये बसला. त्यात १६ मिमी फिल्म, आणि तो सरावापुरता न राहता खऱ्या लढाईचा पुरावाही टिपू लागला. जी-४५ ढिगाने बनले, युद्धानंतर भंगाराच्या भावात विकले गेले. म्हणून ते अजून हाती लागतात. हाइथचं तसं नाही, त्याला संग्राहक मोठी किंमत मोजतात.

घेताना बहुतेक जण पितळी पट्टीवरचा क्रमांक पाहून खूश होतात. माझ्या मते आधी ती वर्तुळांची काच बघावी. ती नसेल तर उरतो नुसता बंदुकीच्या आकाराचा डबा. मग लेन्स टॉर्चवर धरावी. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला एक मोसम पुरतो, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. परदेशातून मागवणार असाल तर कागदपत्रं चोख ठेवा. एक्स-रेमध्ये दिसते ती मशीनगनच. आणि गंमत म्हणजे यातला सगळ्यात जुना हाइथच चालवून बघायला सोपा: जी-४५ला वीज लागते, फिल्मचं खास मॅगझिन लागतं; १२० चा रोल आजही विकत मिळतो.