विजयदुर्गचं आरमार कुठे गेलं?

विजयदुर्गला गेलं की कुणीतरी तटावरून समुद्राकडे बोट दाखवतंच : पाण्याखाली भिंत आहे, शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा किल्ल्याच्या पश्चिमेला शंभर मीटरहून लांब दगडी रांग खरोखरच आढळली.

पण १७५६ मध्ये ती आडवी आली नाही. वॉटसन आणि क्लाईव्ह या इंग्रज सेनानींचा ताफा वाघोटन खाडीच्या तोंडातून आत शिरला आणि उत्तरेकडून तोफा डागू लागला. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांची लढाऊ जहाजं, म्हणजे गुराबा आणि गलबतं, एकमेकांना खेटून उभी होती. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं! तिथून आग पसरली, सगळं आरमार पेटलं आणि १३ फेब्रुवारीला किल्ला पडला.

पाण्याखालचं लाकूड मात्र आगीच्या तावडीतून सुटतं. ते संपवतो दुसराच शत्रू. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नाही, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. आपल्या इवल्याशा शिंपांनी तो लाकूड किसत आत घुसतो आणि पोटात गेलेला भुसा जिवाणूंच्या मदतीने पचवतो. कोकणच्या कोमट, खाऱ्या पाण्यात त्याची चंगळच. म्हणून या पाण्यात दगडी नांगर सापडतात, जहाजांच्या फळ्या नाहीत.

माझ्या मते इथला सगळ्यात बोलका अवशेष त्या भिंतीपेक्षा गिर्ये गावाजवळची आंग्र्यांची गोदी आहे. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरडं पडतं. मग तळ खरवडायचा, पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, तेल चोपडायचं. जहाजकिड्याशी ही लढाई दरवर्षी लढावी लागे. ज्याच्याकडे गोदी नाही त्या आरमाराचे तळ शत्रू येण्याआधीच चाळणी होत.

तरीही त्या ताफ्यातलं काही उरलं असेलच, तर ते खाडीच्या गाळात. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे जहाजकिडा जगत नाही. गाळाखालचे थर ध्वनिलहरींनी दिसतात. तोफा, गोळे यांचं लोखंड आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं; होडीमागे ओढत नेलेलं चुंबकमापक तो फरक टिपतं. त्यामुळे शोध घ्यायचाच तर उपकरणं भिंतीकडे नव्हे, खाडीत न्यायला हवीत.