सहाच्या जागचा तडा : हलक्या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमचा इतिहास

रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचा फिरता भाग, बाहेर काढा. नळीचं मागचं टोक फ्रेममध्ये, म्हणजे शस्त्राच्या मुख्य सांगाड्यात, शिरतं तिथे खालच्या बाजूला पाहा, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी. ॲल्युमिनियमच्या जुन्या फ्रेमला तडा गेला असेल तर तो बहुधा इथेच सापडतो. केसाएवढी बारीक रेघ असते, नळीला समांतर जाणारी. नुसत्या डोळ्यांना ती ओरखड्यासारखी दिसते. शंका आली तर तिथे तेलाचं बोट फिरवायचं, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायचं आणि थोडा वेळ थांबायचं. ओरखडा कोरडाच राहतो. तडा असेल तर आत मुरलेलं तेल पुन्हा वर झिरपतं आणि रेघ ओली दिसू लागते.

तडा नेमका याच जागी का जातो, हे कळायला सुमारे पंच्याहत्तर वर्षं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियमचे भक्कम मिश्रधातू मोठ्या प्रमाणावर बनले. युद्ध संपलं, पण तो धातू आणि तो घडवण्याची विद्या कारखान्यांत राहिली. अमेरिकेतल्या साध्या वेशातल्या पोलिसांना दिवसभर अंगावर बाळगता येईल असं छोटं शस्त्र हवं होतं. शस्त्रं बनवणाऱ्या कोल्ट कंपनीचं पोलादी ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ पासून चालत होतं, वजन सुमारे ६०० ग्रॅम. १९५० मध्ये कोल्टने त्याच घाटाची फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत बनवली आणि ‘कोब्रा’ बाजारात आणलं. वजन सुमारे ४२५ ग्रॅमवर आलं. स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीने त्याच वर्षी पाच गोळ्यांचं ‘चीफ्स स्पेशल’ आणलं होतं. दोन वर्षांत त्याचीही हलकी आवृत्ती ‘एअरवेट’ या नावाने आली.

याच सुमारास अमेरिकी हवाई दलाला वैमानिकांसाठी त्याहूनही हलकं रिव्हॉल्व्हर हवं होतं. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांनीही ‘एअरक्रूमन’ बनवलं. त्यात फ्रेमच काय, सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचा होता. कोल्टच्या ‘एअरक्रूमन’चं वजन जेमतेम ३१० ग्रॅमच्या आसपास होतं. पण बार उडतो तेव्हा सगळा दाब आधी सिलिंडरच्या भिंतीवर येतो आणि .३८ स्पेशलच्या नेहमीच्या काडतुसाचा दाबही या भिंतींना झेपेना. तेव्हा हवाई दलाने शस्त्राला साजेसं काडतूस बनवून घेतलं : एम-४१, १३० ग्रेनची (सुमारे ८.४ ग्रॅमची) गोळी आणि मुद्दाम कमी ठेवलेला दाब. तरीही सैनिकाच्या हाती चुकून बाजारातलं साधं काडतूस पडण्याचा धोका होताच. दशक संपता संपता ही रिव्हॉल्व्हरं सेवेतून काढली आणि बहुतेक सगळी मोडून टाकली. आज उरलेली मोजकी संग्राहक जिवापाड जपतात. एम-४१ काडतूस मात्र टिकलं आणि हवाई दलाच्या पोलादी रिव्हॉल्व्हरांत पुढे बरीच वर्षं वापरलं गेलं.

दोन्ही कंपन्यांनी यातून एक धडा घेतला. फ्रेम ॲल्युमिनियमची चालेल, सिलिंडर पोलादाचाच हवा. नागरी ‘एअरवेट’मध्येही सुरुवातीचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर लवकरच पोलादी झाले. सिलिंडर फुटण्याची भीती गेली आणि साखळीतली कमजोर कडी फ्रेमकडे सरकली.

इथे थोडं धातूविषयी बोलायला हवं, कारण ‘ॲल्युमिनियम मऊ म्हणून तुटतं’ एवढ्यावर बरेच जण समाधान मानतात आणि ते पुरेसं नाही. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एका फटक्यात न तुटणारा आस त्याहून कितीतरी कमी ताण लाखो वेळा सोसून तुटतो, हे त्याने दाखवलं. हाच धातूचा थकवा. साध्या पोलादाला यात एक सवलत आहे : ताण ठरावीक मर्यादेच्या खाली राहिला तर ते व्यवहारात थकतच नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कितीही कमी असो, हिशेब चालूच राहतो, फक्त फेऱ्या जास्त लागतात. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी तशाच एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा छिद्राच्या कोपऱ्यापासून तडा पसरला. हलकी रिव्हॉल्व्हरं याच काळात, याच जातीच्या धातूत घडत होती. तडा सुरू होण्याची रीतही तीच आहे. छिद्र, कोपरा, आट्याची खाच, जिथे ताण एकवटतो तिथूनच तो निघतो.

आता पुन्हा सहाच्या जागी येऊ. फ्रेमच्या ज्या भोकात नळी आट्यांवर बसते, त्याच्या वरच्या बाजूला फ्रेमची जाड पट्टी आहे, बाजूलाही धातू आहे. खाली मात्र सिलिंडर बाहेर झुलवणाऱ्या बिजागरीला जागा द्यावी लागते आणि ती जागा त्या भिंतीतूनच कोरून काढतात. उरते ती पातळ कडी. शिवाय या कडीवर ताण येतो तो बार उडतो तेव्हाच नाही. नळी आट्यांवर घट्ट पिळून बसवतात. नेम धरायची पुढची माशी बरोबर वर, बाराच्या जागी यायला हवी, म्हणून नळी ‘घट्ट झाली’ म्हणून थांबता येत नाही. माशी किंचित डावी-उजवी राहिली तर कारागीर आणखी थोडा पीळ देतो. तेवढ्या जास्तीच्या पिळाने आतून रेटा येतो आणि कडी कायमची ताणलेली राहते. म्हणूनच काही फ्रेम हजारो बार झेलून धडधाकट राहतात आणि काही थोडक्याच बारांत तडकतात. वापर किती झाला याइतकंच, पहिल्या दिवशी नळी किती पिळली गेली यालाही महत्त्व आहे. त्यात उच्च ताकदीचे काही ॲल्युमिनियम मिश्रधातू सततच्या ताणाखाली, नुसत्या हवेतल्या ओलाव्यानेही, हळूहळू तडकत जातात.

या तक्रारीत बरंच नाव झालं ते स्मिथ अँड वेसनच्या ‘मॉडेल १२’चं. १९५३ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बनलं. मधल्या आकाराच्या के-फ्रेमचं ते हलकं रूप होतं आणि बरीच वर्षं त्याची फ्रेम पोलादी भावंडापेक्षा अंगाने अरुंद होती. जाडी पोलादी फ्रेमइतकी झाली ती शेवटच्या आवृत्तीत. मला हे रिव्हॉल्व्हर मनापासून आवडतं. हातात इतकं सहज बसणारं हलकं रिव्हॉल्व्हर पुढे फारसं झालं नाही. म्हणूनच त्यात जास्त दाबाची ‘प्लस-पी’ काडतुसं चालवणाऱ्यांचा राग येतो. .३८ स्पेशलची मान्य मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आहे, प्लस-पीची २०,०००. आकड्यांत फरक लहान वाटतो, पण थकव्याच्या हिशेबात ताण थोडा वाढला तरी आयुष्य कितीतरी पटींनी घटतं.

एकदा तडा गेला की उपाय उरत नाही. मिश्रधातूला ताकद आलेली असते ती उष्णता-प्रक्रियेने आणि वेल्डिंगच्या आचेने नेमकी तीच जाते. शिवाय अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार फ्रेम हेच शस्त्र मानलं जातं, अनुक्रमांक तिच्यावरच असतो. फ्रेम गेली म्हणजे रिव्हॉल्व्हरच गेलं.

पोलाद यातून पूर्ण सुटलं असं मात्र नाही. .३५७ मॅग्नम या कितीतरी जास्त दाबाच्या काडतुसाच्या पोलादी ‘मॉडेल १९’मध्ये नळीच्या मागच्या टोकाला तडे जाऊ लागले आणि तेही सहाच्याच जागी. सिलिंडरच्या पुढच्या भागाला वाट देण्यासाठी नळीचं टोक खालून सपाट तासलेलं होतं आणि हलक्या, वेगवान गोळ्यांच्या काडतुसांनी तीच पातळ बाजू फोडली. कंपनीने १९८० च्या सुमारास थोडी मोठी एल-फ्रेम आणली, त्यात तासायची गरजच ठेवली नाही.

इतर झीज सांगायला वेळ लागणार नाही. सिलिंडर पुढेमागे हलू लागतो, बिजागरीचं पोलाद फ्रेमच्या मऊ धातूत आपली जागा करून घेतं, सिलिंडर जागेवर थांबवणाऱ्या खिट्टीची खिडकी रुंदावते. हे सगळं हळूहळू होतं, हाताला जाणवतं आणि बरंचसं दुरुस्तही होतं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी टायटॅनियमचे सिलिंडर आले, पाठोपाठ ॲल्युमिनियममध्ये चिमूटभर स्कँडियम मिसळलेल्या फ्रेम आल्या. सोव्हिएत संघात विमानांसाठी या मिश्रधातूवर आधी काम झालं होतं. स्कँडियममुळे धातूचे कण बारीक राहतात आणि ताकद वाढते. त्या जोरावर सव्वातीनशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३५,००० पीएसआयचं .३५७ मॅग्नम बसलं. नळीही बदलली : आत पोलादी नळी, बाहेर हलकं आवरण. माशी आवरणावर आणि आवरण खाचेत अडकवून सरळ बसतं, त्यामुळे माशी जुळवण्यासाठी नळी जास्त पिळण्याचं कारण उरलं नाही.

नव्या अडचणी नव्या जागी निघाल्या. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून सुटणारी ज्वाळा वरच्या पट्टीला खाऊ लागते, म्हणून तिथे पोलादी पत्र्याची छोटी ढाल बसवावी लागली. टायटॅनियमच्या सिलिंडरमधल्या काडतुसांच्या कप्प्यांची झीज होऊ नये म्हणून १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका, ही सूचना नळीवरच कोरली गेली. ते कप्पे खरवडून साफ करायलाही मनाई आहे, संरक्षक थर निघून जातो. हलक्या शस्त्राचा धक्का इतका झटक्यात येतो की सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांची कवचं मागे खेचली जातात आणि गोळ्या जडत्वाने जागीच राहतात. एखादी गोळी कवचातून पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचाच थांबतो.

रूगर या आणखी एका अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये ‘एलसीआर’ आणलं तेव्हा चाप-घोड्याची यंत्रणा पॉलिमरच्या घरात ठेवली आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी नळी बसवली. पण पुढे .३५७ ची आवृत्ती काढताना फ्रेम स्टेनलेस स्टीलची केली. कोल्टने २०१७ मध्ये ‘कोब्रा’ हे नाव पुन्हा बाजारात आणलं. हलक्या फ्रेमची सुरुवात ज्या नावाने झाली, ते रिव्हॉल्व्हर आता पूर्ण स्टेनलेस स्टीलचं आहे. वजन सुमारे ७०० ग्रॅम, १९२७ च्या ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’पेक्षा जास्त.