२१ दिवसांत सवय लागते, हे खरं नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरताना हमखास ऐकू येतं, ‘२१ दिवस नेटानं करा, सवय लागलीच म्हणून समजा.’ १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं ते वेगळंच: बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. लोकांनी ते सगळ्याच सवयींना लावलं. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात सवय लागायची सरासरी ६६ दिवस निघाली. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी अंथरूण सुटलं नाही तर स्वतःला आळशी म्हणू नका हो. अभ्यासातल्या लोकांनी नवी सवय रोजच्याच एखाद्या कामाला जोडली होती. तुम्हीही चहाचं आधण उकळेपर्यंत मोबाइल न उचलता खिडकीशी शांत उभे राहा.