काब्रालेस : आस्तुरियासच्या डोंगरातले निळे चीज
(उत्तर स्पेनच्या सहलीत सहभागी होणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपल्या सहलीतील एक मुक्काम आस्तुरियास प्रांतातील आरेनास दे काब्रालेस या गावी आहे. तेथे जेवणात काब्रालेस नावाचे चीज समोर येईल. त्याच्या निळ्या-हिरव्या रेषा पाहून आणि उग्र वास घेऊन ‘हे नासले आहे’ असे समजून ताट बाजूला सारणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. म्हणून ही माहिती आधीच देत आहोत.

हे चीज पिकोस दे एउरोपा या पर्वतराजीच्या कुशीत तयार होते. काब्रालेस परिसरात आणि शेजारच्या पेन्यामेयेरा आल्ता भागातील मोजक्या गावांतच ते बनवता येते. १९८१पासून या नावाला कायदेशीर संरक्षण आहे. दूध कच्चे, म्हणजे न तापवलेले असते. ते नुसते गाईचे असते किंवा त्यात मेंढीचे, शेळीचे अथवा दोन्हींचे दूध मिसळलेले असते. वसंतात व उन्हाळ्यात मेंढ्या-शेळ्यांचेही दूध मिळत असल्याने अशी मिश्रणे त्या दिवसांत अधिक होतात, आणि जाणकारांच्या मते चवीलाही तीच सरस ठरतात.

संध्याकाळचे व सकाळचे दूध एकत्र करून त्यात रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विरजणासारखे द्रव्य घालतात. घट्ट झालेला थर कापून लहान सुपारीएवढे तुकडे करतात, निवळी गाळतात आणि ते तुकडे साच्यात भरतात. त्यावर वजन ठेवून दाबत मात्र नाहीत. न दाबल्यामुळे आत बारीक पोकळ्या राहतात, आणि पुढे निळ्या-हिरव्या रेषा उमटवणाऱ्या बुरशीला वाट मिळते ती त्यांतूनच. इतर अनेक निळ्या चीजमध्ये बुरशी दुधातच मिसळतात व नंतर सुयांनी टोचून आत हवा सोडतात. येथे परंपरेने तसे करीत नाहीत.

मीठ लावून काही दिवस हवेशीर जागी सुकवलेली चीजची चाके मग गुहेत नेतात. हा डोंगर चुनखडीचा असल्याने पाण्याने तो आतून पोखरला आहे आणि त्यात असंख्य नैसर्गिक गुहा आहेत. भेगांमधून वारा खेळत राहतो, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि तापमान ८ ते १२ अंश सेल्सिअस राहते. लाकडी फळ्यांवर मांडलेली चाके अधूनमधून उलटावी व पुसावी लागतात. किमान दोन महिने, अनेकदा चार-पाच महिने चीज तेथे मुरते आणि त्या काळात पेनिसिलियम बुरशी बाहेरून आत शिरत जाते. आरेनासमधील प्रदर्शन-गुहेत हे सारे समजावून सांगितले जाते.

पूर्वी ही चाके प्लागानो नावाच्या मेपल वृक्षाच्या पानांत गुंडाळीत. आता नियमानुसार गडद हिरव्या धातूच्या वेष्टनात ती विकली जातात. खरेदी करताना त्यावरील नियामक मंडळाचे चिन्ह अवश्य पाहावे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात चीजची स्पर्धा व लिलाव होतो. २०२४ साली तेथे विजेते ठरलेले सुमारे २.३ किलोचे चाक ३६,००० युरोंना गेले. दुकानातील भाव अर्थातच असे नसतात!

चव खारट, तिखटसर आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी असते. ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते, त्यांना वासाचे फारसे काही वाटणार नाही. प्रथम नखाएवढा तुकडा पावावर पसरून घ्यावा. सोबत सफरचंद, अक्रोड किंवा मध असल्यास उग्रपणा बराच सौम्य होतो. स्थानिक लोक त्याबरोबर सिद्रा, म्हणजे सफरचंदाचे आंबवलेले पेय घेतात.

रेनेट परंपरेने प्राण्यांच्या जठरातून काढलेले असल्याने हे चीज शाकाहारी समजू नये. दूध कच्चे असल्यामुळे गर्भवती महिलांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते टाळावे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. परतीच्या सामानात चीज ठेवू नये, कारण प्रवासातील उष्णतेने ते मऊ होऊन पाझरते आणि वास कपड्यांत बसतो. ज्यांना त्या जेवणात दुसरा पदार्थ हवा असेल, त्यांनी निघण्यापूर्वी कार्यालयात तसे कळवावे, म्हणजे तेथील उपाहारगृहाला आधी सांगता येईल.