क्रूझचं बुकिंग: एजंटकडून करावं की थेट कंपनीकडे?

नाशिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सिंगापूरची क्रूझ असो की मुंबई–गोव्याची, चौकशीला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वेबसाइटवर हाच भाव दिसतोय, मग तुमच्याकडून का घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे. काही ग्राहकांनी थेट कंपनीकडे बुकिंग करणंच शहाणपणाचं असतं आणि ते कोणी, हे या पत्रकात पुढे लिहिलं आहे. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. भाड्यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो बुकिंग कोणाच्या ताब्यात राहतं यात.

भाव सारखाच का दिसतो

क्रूझ कंपनी एजंटला कमिशन देते ते स्वतःच्या भाड्यातून. तुम्ही थेट बुक केलं म्हणून ती रक्कम तुमच्या बिलातून वजा होत नाही, ती कंपनीकडेच राहते. शिवाय कमिशन फक्त मूळ भाड्यावर मिळतं. बंदर शुल्क, कर आणि टिप यांवर मिळत नाही. त्यामुळे दोन-तीन रात्रींच्या स्वस्त क्रूझवर एजंटला फार कमी सुटतं आणि काही जण वेगळं सेवाशुल्क लावतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते कोटेशनवर स्वतंत्र ओळीत लिहिलेलं हवं.

हिशेब उदाहरणाने पाहू. दोघांची चार रात्रींची क्रूझ आहे, माणशी भाडं ४०,००० आणि बंदर शुल्क व कर १२,००० रुपये, असं समजा. एकूण झाले १,०४,०००. ही रक्कम परदेशी वेबसाइटवर डॉलरमध्ये क्रेडिट कार्डाने भरली आणि कार्डाचा परकीय चलन आकार ३.५ टक्के असला, तर ३,६४० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६५५, असे ४,२९५ रुपये पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये वाढून येतात. वेबसाइटवर ते कुठेच दिसत नाहीत. एजंटकडून पॅकेज म्हणून घेतलं तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५,२०० रुपये. फरक उरला ९०५ रुपयांचा. तुमच्या कार्डाचा आकार २ टक्के असेल तर थेट बुकिंग आणखी स्वस्त पडेल. म्हणून आधी कार्डाच्या मागचा नंबर फिरवून हा आकार विचारा, मग तुलना करा. वेबसाइट "रुपयांत भरा" असा पर्याय देत असेल तर तोही तपासून घ्या. त्यातला विनिमय दर बहुधा महागच असतो.

परदेशी पॅकेजवर एजंटला टीसीएसही (विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) गोळा करावा लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर कोटेशनवर लिहून घ्या. हा खर्च नाही, आगाऊ कापलेला कर आहे. तो २६एएस या प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदार ग्राहकांनी मात्र इथे लक्ष द्यावं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्र भरत नसाल, तर टीसीएस परत मिळवण्यासाठी त्या वर्षी ते भरावंच लागेल. बिलावर पॅन कोणाचा घालायचा, हे पैसे भरण्याआधीच घरात ठरवा. नंतर बदलायला फार त्रास होतो.

टिप बहुतेक वेळा या सगळ्याच्या बाहेर असते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ती माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर पडते आणि लहान मुलांनाही लागते. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींत तीनशे डॉलरच्या आसपास. कोटेशनमध्ये "टिपसह" की "टिपशिवाय", हे शब्द शोधा. दोन एजंटांच्या कोटेशनमध्ये मोठी तफावत दिसली तर निम्म्या वेळा कारण एवढंच असतं.

एजंटकडे भाव खरोखर कमी मिळतो तो ग्रुपमध्ये. एजंट आठ किंवा जास्त केबिन आधीच धरून ठेवतो, त्यांना ग्रुपचा दर लागतो आणि अनेक कंपन्यांत साधारण १६ प्रवाशांमागे एकाचं भाडं माफ होतं. ती सवलत कोणाच्या खिशात जाणार हे स्पष्ट विचारा. भिशीचा गट असो की निवृत्त मंडळींचा, ती सगळ्यांत वाटली जाणं हेच योग्य.

ताबा कोणाकडे

एजंटकडून केलेल्या बुकिंगमध्ये बदल करायचा असेल, तर बहुतेक कंपन्या तुमच्याशी थेट बोलत नाहीत. केबिन बदलणं, नाव दुरुस्त करणं, रद्द करणं, सगळं एजंटच्या खात्यातूनच होतं. एजंट जागेवर असेल तर हे सुख आहे: परदेशातल्या कॉल सेंटरच्या फोनवर तासभर ताटकळत बसायचं काम त्याचं. पण एजंट फोन उचलत नसेल तर तुम्ही अडकता. म्हणून विचारा: रविवारी आणि रात्री कोणाला फोन करायचा? दुसरा नंबर कोणाचा? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथे पैसे भरू नका.

आधी थेट बुक करून मग एजंटकडे सोपवता येतं, पण काही कंपन्या त्याला मुदत घालतात आणि पूर्ण पैसे भरल्यावर ते जवळपास अशक्य होतं. त्यामुळे "आधी स्वतः करून पाहतो, अडलं तर तुमच्याकडे येतो" हा बेत अनेकदा फसतो.

भाव उतरला तर? शेवटचा हप्ता भरण्याआधी तुमच्या केबिनच्या वर्गाचा दर खाली आला, तर अनेक कंपन्या मागितल्यावर नवा दर देतात. आपणहून देत नाहीत. थेट बुकिंग असेल तर दर आठवड्याला साइट तुम्हीच पाहायची. एजंट असेल तर तो पाहणार का, हे लेखी घ्या. नवा दर घेताना जुन्या दरासोबत मिळालेलं क्रेडिट (जहाजावर खर्चायला कंपनीने दिलेली रक्कम) किंवा मोफत वायफाय जातं का, तेही बघा. वरवर दोन हजार वाचतात आणि पाच हजारांची सोय जाते, असं होतं.

तक्रारीची वेळ आली तर ताब्याचा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो. परदेशी कंपनीच्या अटींमध्ये वाद परदेशातल्या न्यायालयात चालेल असं कलम बहुधा असतं. इथल्या एजंटने बिल दिलं असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी जीएसटी क्रमांक असलेलं बिल हवं आणि पैसे फर्मच्या खात्यावर गेलेले हवेत. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवू नका, आम्ही सांगितलं तरी.

केबिन: नकाशा उघडून बसा

या एका कामावर तासभर घालवला तरी तो वाया जात नाही. केबिनचा नंबर मिळाला की जहाजाचा डेक प्लॅन उघडा आणि त्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे आरामखुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप शांत. दोन केबिनमध्ये जोडणारं दार असेल तर शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. कुटुंबाने दोन केबिन घेतल्या असतील तर तेच दार फायद्याचं. बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध केबिन घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी. "अडथळा असलेलं दृश्य" असं लिहिलं असेल तर खिडकीसमोर बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली असते.

"गॅरंटी केबिन" स्वस्त असते, कारण नंबर कंपनी ठरवते, कधी कधी अगदी शेवटच्या दिवसांत. आजी-आजोबांना नातवंडांच्या जवळ ठेवायचं असेल तर ही घेऊ नका.

तिघे-चौघे एका केबिनमध्ये बसवताना आणखी एक अडचण येते. साइटवर चार जणांची केबिन रिकामी दिसते, पण चार प्रवासी टाकले की "उपलब्ध नाही" येतं. प्रत्येक केबिनला जीवरक्षक नौकेची जागा नेमून दिलेली असते आणि त्या विभागाच्या नौकांची क्षमता भरली की तिसरा-चौथा माणूस घेता येत नाही, खाट रिकामी असली तरी. अशा वेळी जहाजाच्या दुसऱ्या भागातली केबिन मागून पाहायची. एकटे जाणाऱ्यांना बहुतेक वेळा दोघांचं भाडं भरावं लागतं.

पैसे भरल्यावर

कंपनीचं पुष्टिपत्र मागा, एजंटच्या लेटरहेडवरचं नको. त्यावर कंपनीचा बुकिंग क्रमांक असतो. तो क्रमांक, आडनाव आणि निघण्याची तारीख घालून कंपनीच्या साइटवर बुकिंग स्वतः उघडा. "भरलेली रक्कम" या ओळीत तुमचे पैसे दिसायला हवेत. तुम्ही एजंटला पूर्ण रक्कम दिली आणि तिथे फक्त अनामत दिसत असेल, तर बाकीचे पैसे अजून एजंटकडेच आहेत. ठरलेल्या तारखेला ते पोचले नाहीत तर कंपनी केबिन सोडून देते.

अनामत परत मिळणारी आहे की नाही, तेही त्याच कागदावर असतं. न मिळणारी स्वस्त पडते म्हणून मोह होतो. घरात परीक्षेच्या तारखा, बाळंतपण किंवा एखादं ऑपरेशन अधांतरी असेल तर परत मिळणारीच घ्या. बाळंतपणावरून आठवलं: क्रूझ संपेपर्यंत गर्भारपणाचा २४वा आठवडा लागत असेल तर अनेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही.

व्हिसा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख

युरोपच्या क्रूझमध्ये सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. शेवटचा हप्ता साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरायचा असतो आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात पायरीपायरीने वाढत शंभर टक्क्यांवर जाते. क्रूझ २० मे २०२७ ची असेल तर ९० दिवस आधी म्हणजे १९ फेब्रुवारी. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात आणि काही प्रकरणांत ४५ पर्यंत. म्हणून अर्ज डिसेंबरात करा; नकार आला तरी हप्त्याआधी कळेल. मार्चमध्ये अर्ज करणाऱ्याने व्हिसाआधीच सगळे पैसे भरलेले असतात. नाशिककरांना बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं, तो दिवसही धरा.

जहाज मध्ये तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो अशा शेंगेनबाहेरच्या देशाला लागून परत इटली-ग्रीसला येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, अनेक प्रवेशांचा लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. थेट बुक करणाऱ्याला साइट यातलं काही विचारत नाही. कागद अपुरे म्हणून बंदरावर परत पाठवलं तर पैसे मिळत नाहीत.

नाशिकहून बंदरापर्यंत

जहाज कोणासाठी थांबत नाही. चेक-इन सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. मुंबईची क्रूझ बॅलार्ड पिअरवरून निघते. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि तिथून टॅक्सीने बंदर अगदी जवळ आहे. संध्याकाळी निघणाऱ्या जहाजासाठी हा सोयीचा मार्ग. रस्त्याने आलात तर कसारा घाटातल्या आणि ठाण्यापुढच्या कोंडीसाठी दोन तास जादा ठेवा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, त्या दिवसांत शहराबाहेर पडायलाच वेळ लागेल.

सिंगापूरसाठी एक दिवस आधी पोचा. तिथे मरीना बे आणि हार्बरफ्रंट असे दोन वेगळे टर्मिनल आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ सेंटर" सांगितलं की चुकीच्या ठिकाणी उतरायची पाळी येते. मुंबईतही आता दोन विमानतळ आहेत, तिकिटावर नवी मुंबई आहे की सांताक्रूझ-अंधेरीचा जुना, ते वाचा. ओझरहून दुसऱ्या शहरामार्गे जात असाल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या, म्हणजे पहिलं लेट झालं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची.

थेट बुक करणं केव्हा बरं

दोघेच जाणार, आधी त्याच कंपनीची क्रूझ केलेली, कार्डाचा आकार कमी, व्हिसा हातात आणि इंग्रजीत फोनवर वाद घालायची तयारी: मग थेट करा, बिनधास्त. त्या कंपनीच्या जुन्या ग्राहकांसाठीच्या सवलती दोन्हीकडे बहुधा सारख्याच लागू होतात. जहाजावर असतानाच पुढच्या क्रूझचं बुकिंग केलं तर चांगल्या सवलती मिळतात आणि ते नंतर एजंटच्या नावावर टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तीन पिढ्या एकत्र, जैन जेवण, चाकाची खुर्ची, दहापेक्षा जास्त माणसं किंवा युरोपचा व्हिसा, यांपैकी काहीही असेल तर एजंट घ्या. आमच्याकडूनच घ्या असं नाही.

कोटेशनसाठी येताना

सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आणा. परतीच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक हवी. नावाचे रकाने आत्ताच पाहा: आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात असतं, काहींचा आडनावाचा रकाना रिकामा असतो, आणि लग्नानंतर नाव बदललेल्यांचं आधार एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या. बुकिंग, विमान आणि व्हिसा तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न अक्षर. नातवंडं आई-वडिलांशिवाय येणार असतील तर दोघांचं संमतिपत्र लागेल. कोणाला रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर औषधांची चिठ्ठीही आणा, कारण जुना आजार जाहीर न करता काढलेला विमा ऐन वेळी नाकारला जातो आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं.